बारीक शीळ

गेल्या श्रावणात आमच्या घरी एका आवाजावरून मतभेद उत्पन्न झाला. मोटारीतून बारीक शीळ येते, असा आमच्या पत्नीचा पक्ष. काही येत नाही, असा आमचा. अडतीस वर्षांच्या संसारात मतभेदांची आम्हांस सवय झालेली आहे. परंतु ते बहुधा भाजीतले मीठ, न कळविता आलेले पाहुणे आणि कळवून गेलेला पैसा अशा विषयांवर असत. त्यांत खरे कोणाचे हे ठरविण्याचे साधन नसल्यामुळे दोन्ही पक्षांची अब्रू शाबूत राही. आवाजाचे तसे नाही. तो एक तर असतो, नाही तर नसतो.

ही मोटार कोणती, ते आधी सांगितले पाहिजे. गोव्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, कापडी छपराची एक ठेंगणी मोटार तयार होऊ लागली होती. तिचे अंग पत्र्याचे नसून फायबरग्लासचे, आणि इंजिन रेनो या फ्रेंच कंपनीचे, १,१४९ घनसेंटिमीटरचे. ती फार खपली नाही आणि आता तयारही होत नाही. आमची मोटार आम्ही २००४ साली पणजीच्या एका गृहस्थांकडून जुनी म्हणून घेतली आणि धाराशिवास आणली. शाळामास्तराने असली मोटार बाळगावी, हे आमच्या आळीस अजून पटलेले नाही. पत्नीने तिला पहिल्याच दिवशी ‘खेळणे’ हे नाव दिले, आणि त्यानंतर वीस वर्षे त्या खेळण्यात डावीकडे बसून तिने तुळजापूर, नळदुर्ग, परांडा आणि सोलापूर यांच्या शेकडो वाऱ्या केल्या. तिच्या कानांवर अविश्वास दाखविण्यापूर्वी आम्ही ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी होती.

अविश्वासाला कारण होते. ज्येष्ठात पहिला पाऊस पडला तेव्हा इंजिनावरचा पट्टा ओला होऊन सकाळी सकाळी किंचाळू लागला. तो आवाज साऱ्या आळीने ऐकला, अर्थात आम्हीही. तेव्हा मिस्त्रीकडे न जाता आम्ही स्वहस्ते पाना घेतला, अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, एका दांड्याने तो मागे रेटला आणि पट्टा असा काही आवळला की किंचाळणे त्या क्षणी बंद! आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून जे समाधान मिळाले नाही ते त्या दिवशी मिळाले. ज्या इंजिनावर आपण स्वतः हात चालविला, त्यातून आता नवाच आवाज येतो हे कोणास ऐकून घ्यावेसे वाटेल?

“अहो, बासरीच्या शेवटच्या सुरासारखं वाजतंय,” ती म्हणे. आम्ही काच खाली करून कान बाहेर काढीत असू. वारा ऐकू येई, चाकांची सरसर ऐकू येई, मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येई. “वाऱ्याचा असेल,” आम्ही निकाल देत असू. महिनाभर असे चालले. पुढे पुढे तिने सांगणेच सोडले. त्या मौनाचा अर्थ आवाज थांबला असा आम्ही लावला.

भाद्रपदात सोलापुरास जाऊन परतत असताना तुळजापूरचा घाट लागला. बालाघाटाची ती चढण आमच्या मोटारीला आवडते. वळणावर ती खाली बसते आणि मग अंग सावरून पुढे झेपावते. परंतु त्या दिवशी अर्ध्या घाटात पत्नीने दोन्ही कानांवर हात ठेवले. ते नाटक नव्हते, तिला खरोखरच सहन होत नव्हते. आम्ही मोटार कडेला घेतली. आणि मग, आवाज आहे की नाही हा वाद बाजूस ठेवून, तो आहे असे क्षणभर गृहीत धरून, आम्ही प्रथमच विचारपूर्वक शोधाला लागलो.

इंजिनाच्या आवाजाचा माग काढणे ही गोष्ट वाटते तितकी गूढ नाही. पहिला प्रश्न असा, की आवाज कोणाबरोबर चढतो-उतरतो: इंजिनाबरोबर की चाकांबरोबर? मोटार जागीच उभी ठेवून, गियर मोकळा करून, आम्ही पायाने इंजिनाचा वेग वाढविला. “चढला,” ती म्हणाली. पाय काढला. “उतरला.” म्हणजे चाके निर्दोष, आणि चाकांना जोडलेले दाते बहुधा निर्दोष. क्लच दाबला; फरक नाही. म्हणजे गियरपेटीवरचा संशयही कमी झाला. पुढचे दिवे, वारा फेकणारा पंखा, सारे एकदम चालू केले. विजेच्या भारामुळे अल्टरनेटर कण्हत असेल तर तो या वेळी सूर बदलतो. “तसाच आहे,” ती म्हणाली. म्हणजे दुखणे विजेचे नव्हे, यंत्राचे होते. दहा मिनिटांत शंभर शंकांच्या चार राहिल्या. या संपूर्ण तपासात आम्ही वाद्य वाजवीत होतो आणि ऐकत मात्र ती होती. आमच्या कानी एकदाही काही पडले नाही. ही विसंगती तेव्हा आम्हांस दिसली, परंतु इंजिन समोर असल्यामुळे आम्ही इंजिनाकडेच पाहणे पसंत केले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. आमच्या गावातला हा मनुष्य चाळीस वर्षे मोटारी दुरुस्त करीत आला आहे. त्याने बॉनेट उघडले, इंजिन चालू करविले, आणि स्वतः न ऐकता हाताखालच्या पोराला हाक मारली. “ऐक रे, कुठं वाजतंय?” पोराने मान तिरकी केली आणि बोट दाखविले. मग मिस्त्रीने लाकडी मुठीचा एक हातभर लांब पेचकस काढला, त्याचे टोक एकेका भागाच्या अंगाला टेकविले आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून डोळे मिटले. पॅरिसचा वैद्य लेनेक याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला, हे आम्ही वर्गात सांगत असू. त्याच्याच गोत्रातली ही विद्या. आमच्या जिल्ह्यात तिला याहूनही जुना आधार आहे. तेरचे गोरोबाकाका हातातल्या थापटण्याने मडके वाजवून पाहत. भाजलेले मडके खणखणते, कच्चे बद्द वाजते. तेच थापटणे त्यांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर चालविले, आणि नामदेवांनी कुरकुर केली म्हणून त्यांना कच्चे ठरविले, अशी कथा आहे. लहानपणी ती ऐकताना आमची सहानुभूती नामदेवांकडे असे.

“तुम्ही स्वतः का ऐकत नाही?” आम्ही मिस्त्रीस विचारले.

“माझे कान कवाच गेले की सर,” तो सहज म्हणाला. “चाळीस वर्षं हातोड्याखाली काढली. बारीक आवाज पोराला इच्यारायचा, जाड आवाज पेचकसाला. घ्या, बघा.”

आम्ही पेचकस घेतला, त्याचे टोक अल्टरनेटरवर टेकविले आणि मूठ हाडाला लावली. शीळ ऐकू आली नाही. परंतु वाळू दळल्यासारखी एक खरखर थेट कवटीत उतरली. पेचकस पलीकडच्या लोखंडावर ठेवला, तर तेथे इंजिनाची नेहमीची दबकी धडधड. मग मिस्त्रीने पट्टा उतरविला आणि इंजिन मिनिटभर चालविले. पोर म्हणाला, “बंद.” पट्टा नसताना अल्टरनेटरची पुली त्याने बोटाने फिरविली. निरोगी पुली आपल्या भारानेच फिरत राहते. ही अडखळत, खर्र खर्र करीत थांबली. आतले बेरिंग गेले होते. अल्टरनेटर इंजिनाच्या दुपटीतिपटीने फिरतो, म्हणजे घाटात इंजिन तीन हजार फेरे घेत असता हा सहा ते नऊ हजार घेणार. त्या वेगात झिजलेल्या गोळ्या आपल्या खाचेत घासू लागल्या की शीळ निघावयाचीच.

मिस्त्रीने उतरलेला पट्टा हातात धरला आणि बोल्टाकडे पाहिले. “बेल्ट कुणी आवळला ओ हा?”

आम्ही उत्तर दिले नाही. त्याने ते ओळखले असावे. पट्ट्याच्या लांब बाजूस दोन बोटांनी धरून पाव फेरा पिळता आला पाहिजे, त्याहून अधिक नाही आणि त्याहून कमीही नाही, एवढे तो पोराला शिकविल्यासारखे आमच्या देखत बोलला. अति ताणलेला पट्टा पुलीला रात्रंदिवस एका बाजूस ओढतो, आणि तो सारा भार बोटभर रुंदीच्या बेरिंगवर पडतो. दोन महिने पुरले.

बेरिंग मिळण्याची आम्हांस चिंता होती; या मोटारीचा साधा आरसाही मिळविण्यास आम्ही एकदा चार महिने घालविले आहेत. परंतु बेरिंगच्या कड्यावर कोरलेला आकडा सर्व जगात एकच अर्थ सांगतो, आणि फ्रान्समध्ये जन्मलेल्या इंजिनाच्या उपयोगाचे बेरिंग धाराशिवात विहिरीच्या मोटारींचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळाले. काम दुपारपर्यंत आटोपले.

मात्र पेचकसाने आमचे डोके एकदा वाजविले ते वाजलेच. आठ दिवसांनी आम्ही कानांच्या डॉक्टरांकडे गेलो. एका लहानशा बंद खोलीत बसवून, कानांवर टोप घालून, ऐकू आले की बटण दाबा असे सांगितले. पुष्कळ वेळ दाबावे लागले नाही. मग डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. त्यावरची रेषा डावीकडून ऐटीत निघाली होती आणि सेकंदाला २,००० कंपनांच्या पुढे घाट उतरावा तशी उतरून गेली होती. मनुष्याच्या कानाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो, असे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले असेल! पुस्तकातला तो मनुष्य तरुण असतो. वय वाढते तसे कानाच्या आतले सूक्ष्म केस झिजतात, वरचे सूर आधी जातात, आणि ते पुन्हा उगवत नाहीत. “माणसांचं बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही असं होतं का?” डॉक्टरांनी विचारले. “स, श, फ ही अक्षरं आधी हरवतात.”

आम्ही नाही म्हणालो. आणि घरी येताना वाटेत आम्हांस नववीचा वर्ग आठवला.

नोकरीचे ते शेवटचे वर्ष. वनस्पती आपले अन्न कसे तयार करतात, असे आम्ही विचारले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे उत्तर आम्हांस पुटपुटल्यासारखे वाटले. पुन्हा सांग, म्हणालो. तिने पुन्हा सांगितले. तिसऱ्या वेळी आम्ही रागावलो; उत्तर येत नसेल तर उभे राहू नये, आणि येत असेल तर तोंड उघडावे, असे काहीसे बोललो. ती बसली. त्या वर्षात तिने पुन्हा हात वर केला नाही. वर्ग तेव्हा फार शांत होता. ती शांतता आम्हांस आमच्या धाकाची वाटली होती. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द तिने तीन वेळा म्हटला असणार. आता आम्ही तो आपल्याच तोंडाने सावकाश उच्चारून पाहिला. त्यात श, स, श, ष असे चार ऊष्म वर्ण आहेत.

पत्नीस हे सांगितले. तिने आश्चर्य दाखविले नाही. दोन वर्षांपासून ती आमच्याशी बोलताना समोर येऊन उभी राहते, स्वयंपाकघरातून हाक मारीत नाही, हे त्या दिवशी आमच्या लक्षात आले. आम्ही समजत होतो की उतारवयात तिचा स्वभाव मवाळ झाला.

परवा संध्याकाळी मोटार घेऊन तेरच्या रस्त्याने निघालो. परतीचा पाऊस होऊन गेला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीनची रास झालेली रिकामी शेते. आम्ही वेग वाढविला, कमी केला, पुन्हा वाढविला.

“गेला,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की गेला.”

आम्ही इंजिन बंद केले. अंधार पडत होता. या वर्षी रातकिडे मुळीच नाहीत, पाऊसमानच बिघडले आहे, असे आम्ही श्रावणापासून भेटेल त्याला सांगत आलो होतो. तिच्यासमोरही दोनदा बोललो होतो. आता तिच्याकडे वळून विचारले, “रातकिडे आहेत का गं?”

तिने थोडा वेळ काहीच उत्तर दिले नाही. मग आमच्या बाजूस तोंड करून, एकेक अक्षर वेगळे करीत म्हणाली, “भरपूर आहेत. दोन्ही शेतांत.”