राहुटीचे ठिगळ

वस्तू काळाने जीर्ण होते. परंतु पुष्कळदा तिचा नाश होतो तो माणसाच्या हेळसांडीने.

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान. भाविक त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आषाढी जवळ आली, की गडाची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागते, आणि त्याआधी पंचक्रोशीतील घराघरांतून टाळ, पडशा व राहुट्या बाहेर निघतात.

गडाजवळच्या वस्तीवरील एका वृद्ध वारकऱ्याने अशीच आपली सुती राहुटी अंगणात पसरली. छताला वीतभर चीर पडली होती. चिरेभोवती बुरशीचे काळे डाग होते.

“आबा, टाकून द्या ही. प्लॅस्टिकची ताडपत्री आणू,” नातू घाईघाईने म्हणाला.

आबांनी डागांवरून बोट फिरविले आणि नातवाकडे पाहिले. मुलाची मान खाली गेली. “गेल्या वर्षी परतताना मीच ती ओली गुंडाळली होती,” तो पुटपुटला.

वारीत राहुटी एकट्याची नसते. पाऊस आला, की तिच्याखाली अनोळखी वारकरीही अंग चोरून बसतात. एकाच्या आळसाने अनेकांना भिजावे लागते.

“दाभण घे,” आबा एवढेच म्हणाले.

नवे कापड त्यांनी प्रथम भिजवून वाळविले. न भिजविलेले ठिगळ पहिल्याच पावसात आटते आणि जुन्या कापडाला ओढून फाडते. मग कुजका भाग कापून टाकला, ठिगळ चहूबाजूंनी चार बोटे मोठे घेतले, कडा दुमडल्या आणि दोऱ्याला मेण लावले. ठिगळाची वरची कड जुन्या कापडाखाली व खालची कड त्याच्यावर ठेवून दुहेरी टाके घातले. कौलांची रचनाही अशीच असते; म्हणून पाणी आत न शिरता ओघळून जाते.

राहुटी उभारून आबांनी तिच्यावर घागरभर पाणी ओतले. नातवाच्या टाक्यांतून थेंब गळू लागले. तो खिन्न होऊन शिवण उसवू लागणार, तोच आबांनी त्याचा हात धरला. हळूहळू सुती धागे पाण्याने फुगले, बारीक छिद्रे मिटली आणि गळती थांबली.

“गुंडाळू का आता?” मुलाने विचारले, पण दुसऱ्याच क्षणी तो स्वतःच ओशाळून हसला.

सूर्य मावळतीकडे झुकला. घरातून जेवणाची हाक आली. राहुटीची शेवटची कड कोरडी होईपर्यंत मुलगा मात्र अंगणातून हलला नाही.