भगीरथाची भूमिका

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक पाहून आलेल्या कुणालाही विचारा. दारूत बुडालेला सुधाकर आठवतो, त्याची बायको सिंधू आठवते, तळीरामाचं नाव निघालं की चेहऱ्यावर हसूसुद्धा येतं. भगीरथाचं विचारलं की माणूस घुटमळतो. "तो कोण बरं?" प्रेमभंगानं दारूला लागलेला, सुधाकराच्या मित्रानं, रामलालनं, वेळीच हाताला धरलेला आणि पुढे लोकांच्या कामात रमलेला हा तरुण गडकऱ्यांनी त्याच नाटकात, तळीरामाच्या त्याच दारुड्या टोळीच्या, आर्य मदिरामंडळाच्या संगतीत उभा केला आहे. बुडणारा आणि तरणारा असे दोघेही एकाच रात्री, एकाच रंगमंचावर वावरतात. टाळ्या बुडणाऱ्याला पडतात.

यात प्रेक्षकाला तरी काय दोष द्यायचा? सुधाकराच्या वाट्याला पल्लेदार भाषणं आली, तान्ह्या बाळाचा जीव घेणारा हात आला, विषाचा शेवटचा प्याला आला. भगीरथ सुधारला आणि चांगलं बोलू लागला, एवढंच. दारू सुटणं ही गोष्टच मुळी रंगमंचाला मानवत नाही. संध्याकाळी सात वाजता एक माणूस गुत्त्यावर गेला नाही, हा प्रवेश लिहायचा कसा? त्यात घडत काहीच नाही. आणि ते 'काहीच नाही' त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं असतं.

लहानपणी नट असलेल्या आणि पुढे नशेत बुडालेल्या माणसांच्या कहाण्या वाचताना मला हा भगीरथ हटकून आठवतो. त्या कहाण्यांतही पडण्याचा अंक रंगतो आणि उठण्याचा अंक दोन ओळींत आटोपतो.

अशातली एक कहाणी गडकऱ्यांच्याच नाटकांच्या आसपासची. गडकऱ्यांनी स्वतः 'एकच प्याला' रंगमंचावर पाहिलं नाही. ते 23 जानेवारी 1919 रोजी गेले आणि गंधर्व मंडळींनी नाटक बडोद्याला लावलं ते त्यानंतरच्या महिन्यात. त्यांचं 'भावबंधन' बलवंत संगीत मंडळींकडे गेलं. त्यातल्या लतिकेच्या भूमिकेत उभे राहिले जेमतेम विशीच्या घरातले दीनानाथ मंगेशकर. गोव्यातल्या मंगेशीचा हा मुलगा गळ्याच्या जोरावर किर्लोस्कर मंडळीत गेला तेव्हा पोरसवदाच होता. नाटक कंपन्यांत अशी मुलं असायचीच. दहाबारा वर्षांचं पोर, गोड आवाज, घरी खाणारी तोंडं जास्त. कंपनीत जेवण, तालीम, गाण्याची शिकवण आणि रात्री बत्त्यांच्या उजेडात हजारभर माणसांची वाहवा. हे सगळं उभं असायचं एका कोवळ्या गळ्यावर, आणि तो गळा एक दिवस फुटणार हे मालकापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. कामगाराला साठीला निवृत्ती मिळते. या मुलांची मिसरूड फुटली की निवृत्तीची भाषा सुरू व्हायची.

दीनानाथांनी तो घाट पार केला. लतिका करणाऱ्या नटानं 'मानापमाना'त धैर्यधरही गाजवला. 1918 साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह काढलेली बलवंत मंडळी चांगली चालली. मग बोलपट आला. 1934 साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा चित्रपट काढण्याच्या धडपडीत पैसा गेला, कंपनी खिळखिळी झाली, देणी वाढली आणि दारू वाढली. 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय होतं 41. त्यांना 'दारूपायी गेले' असं एका शब्दात गुंडाळणारे लोक मला आवडत नाहीत. थिएटरं पडद्यानं गिळली, सावकार दारात उभे राहिले आणि लहानपणापासून ज्या आवाजावर घर चाललं तो साथ देईना, या तिन्ही गोष्टी एकाच माणसावर कोसळल्या. त्या काळी व्यसनाला आजार म्हणणारं जवळपास कुणी नव्हतं. नातेवाईक शपथा घालायचे, डॉक्टर यकृताचं औषध द्यायचे, शेजारी नाक मुरडायचे. हात धरायला एखादा रामलाल मिळाला तर नशीब.

त्याच 1942 साली दीनानाथांची बाराएक वर्षांची मुलगी चित्रपटात कामाला लागली. 'पहिली मंगळागौर' हा तो चित्रपट. अभिनय आणि चेहऱ्याला रंग लावणं आपल्याला कधीच आवडलं नाही, हे लता मंगेशकरांनी पुढे अनेकदा सांगितलं. तरी रंग लावला, कारण घरात धाकटी चार भावंडं होती. पडद्यावर हसणाऱ्या बऱ्याच लहान मुलांच्या मागे अशी चूल असते. विजय भट्टांच्या चित्रपटांत 'बेबी मीना' झालेल्या महजबीनवरही घर अवलंबून होतं. तिची मीनाकुमारी झाली आणि 31 मार्च 1972 रोजी यकृतानं तिचा हिशेब संपवला. तेव्हा 'पाकीजा' प्रदर्शित होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

सगळीच मुलं बुडत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. सचिन पिळगावकर 'हा माझा मार्ग एकला'त आले तेव्हा शाळेच्या वयाचेही धड नव्हते. 'मास्टर महेश' म्हणून 'छोटा जवान'मध्ये चमकलेले महेश कोठारे आज सगळ्यांना माहीत आहेत. दोघांनी पुढे दिग्दर्शन हातात घेतलं. मला यात काहीतरी आहे असं वाटतं. जिथं आपला चेहरा कुणी पाहत नाही, अशी एक जागा या दोघांनी वेळेत शोधली.

आमच्या पिंपरी-चिंचवडला नाटकाचं गाव म्हणायला बाहेरचे लोक अजून कचरतात. बजाज, टेल्को, भोसरीची एमआयडीसी, आणि आता चाकणपर्यंत पसरलेला पत्र्यांच्या शेडचा समुद्र एवढंच त्यांना दिसतं. पण जानेवारी 2024 मधलं शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन याच शहरात झालं. अध्यक्ष होते डॉ. जब्बार पटेल. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात मे महिन्यात बालनाट्याला जावं. विंगेत आया उभ्या असतात, हातात पाण्याच्या बाटल्या आणि मोबाईल. एखादं पोर खरंच चांगलं काम करतं, थिएटर टाळ्यांनी भरतं, आणि त्या पोराच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहून मला आनंदही होतो आणि पोटात खड्डाही पडतो. आठ वर्षांच्या जिवाला हे इतकं दिलं तर पुढच्या साठ वर्षांत त्याच्या तोडीचं आपण काय देणार? बाहेर पार्किंगमध्ये मात्र पालकांची चर्चा मालिकेच्या ऑडिशनची चाललेली असते.

कायद्यानं या मुलांचा थोडा विचार केला आहे. 2017 च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, ओळीनं 27 दिवसांपलीकडे नाही. आणि कमाईतला किमान वीस टक्के पैसा त्याच्याच नावावर मुदत ठेवीत टाकावा लागतो. या विचाराची सुरुवात अमेरिकेत झाली. चॅप्लिनच्या 'द किड'मधला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची सारी कमाई आई आणि सावत्र बापानं उडवलेली निघाली. त्याच्या खटल्यातून 1939 साली कायदा झाला. पैशाचा आणि तासांचा हिशेब असा ठेवता येतो. टाळ्यांची मुदत ठेव कुठल्याही बँकेत होत नाही.

दारूबद्दल बोलायचं तर आमच्या पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याला शिकवण्यासारखं काही नाही. पगाराच्या संध्याकाळी चाकणच्या आंबेठाण चौकातून किंवा तळेगाव रस्त्यानं चालत जा. कंपनीच्या बसमधून उतरलेली, विशीतली, बीड-परभणी-यवतमाळहून आलेली पोरं. खोलीत सहा जण, ठेकेदाराचं काम, सहा महिन्यांनी ब्रेक. क्वार्टर ही त्यांची करमणूक, झोपेचं औषध आणि मैत्री, सगळं एकत्र. यातली निम्मी तरी गावाकडच्या गॅदरिंगमध्ये शिवाजी किंवा तानाजी होऊन गाजलेली असतील, असं मला उगाच वाटतं. टाळ्या त्यांनीही ऐकलेल्या असतात.

पिंपरीत 1954 पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आहे. तिथल्या पेनिसिलिननं पिढ्यान्‌पिढ्यांचे जंतू मारले. इंजेक्शनांचा कोर्स पुरा झाला की रोगी सुटला, अशी आपल्या डोक्यात आजाराची कल्पना त्या काळापासून बसली आहे. व्यसनाचं तसं नसतं. येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस राहून माणूस बाहेर पडतो तेव्हा शरीरातली दारू गेलेली असते. खरं काम तिथून पुढे, दर आठवड्याच्या फॉलोअपला येण्यात असतं. मुक्तांगण सुरू झालं 29 ऑगस्ट 1986 रोजी. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. डॉ. अनिता अवचट यांनी संस्था उभी केली. तिथं समुपदेशन करणाऱ्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेले कितीतरी जण आहेत. दीनानाथांच्या पुण्यात, त्यांच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी, रामलालला अखेर कायमचा पत्ता मिळाला.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभाही या भागात भरतात. 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर असे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ही चळवळ निघाली. सभेची रीत साधी. उठायचं, पहिलं नाव सांगायचं, मी अल्कोहोलिक आहे म्हणायचं आणि आपलं काय झालं ते बोलायचं. आडनाव नाही, हुद्दा नाही, मध्येच कुणी प्रश्न विचारणार नाही, सल्ला देणार नाही. गडकऱ्यांचं आर्य मदिरामंडळ आणि ही सभा यांत बाहेरून पाहता फारसा फरक नाही: दारुड्यांचंच वर्तुळ, आळीपाळीनं भाषणं. तळीराम असता तर त्यानं दोन्हीकडे सभासद होण्याची तयारी दाखवली असती.

लहानपणी नट असलेल्या माणसाला या खोलीत सगळ्यांत जड काय जात असेल? मला वाटतं, पाठ केलेलं नसलेलं बोलणं. आठव्या वर्षी त्याच्या तोंडी दुसऱ्यानं लिहिलेली वाक्यं आली, नाव दुसऱ्यानं ठेवलं, रडायचं कधी तेही दुसऱ्यानं सांगितलं. इथं संवाद नाहीत. आणि निनावी राहण्याची जी चैन इतर मुलांना फुकट मिळाली, ती याला चाळिशीत, आडनाव दाराबाहेर ठेवून, पहिल्यांदा चाखायला मिळते. वर्षभर दारू न पिता राहिलं की सभेत सोब्रायटीचा वाढदिवस करतात. वय एक.

हॉलिवूडची ड्र्यू बॅरिमोर 1982 च्या 'ई.टी.'मध्ये सात वर्षांची होती. तेराव्या वर्षी ती व्यसनमुक्ती केंद्रात होती. आज ती स्वतःचा टीव्ही कार्यक्रम चालवते. रॉबर्ट डाउनी ज्युनियरची कहाणी मला जास्त विचारात पाडते. पाच वर्षांचा असताना वडिलांच्याच चित्रपटात त्यानं कुत्र्याच्या पिल्लाचं काम केलं, आणि सहाव्या वर्षी वडिलांनीच त्याला गांजा दिला. पुढे वारंवार अटक झाली, तुरुंग झाला, मालिकेतून हकालपट्टी झाली. 2003 साली तो सावरला. आता ऑस्कर मिळालेला, 'आयर्न मॅन' झालेला डाउनी सगळ्यांना ठाऊक आहे. पण मधली पायरी कुणी सांगत नाही. त्या वेळी त्याचा विमा उतरवायला कंपन्या तयार नव्हत्या आणि विम्याशिवाय हॉलिवूडमध्ये कुणी काम देत नाही. एका चित्रपटासाठी मेल गिब्सननं स्वतःच्या पैशांतून हमी भरली. पुढच्या चित्रपटात निर्मात्यानं त्याचं चाळीस टक्के मानधन शूटिंग पुरं होईपर्यंत अडकवून ठेवलं. दोघांनीही विश्वास दाखवला, पण एकानं स्वतःचा खिसा पुढे केला आणि दुसऱ्यानं डाउनीचा धरून ठेवला. तरी दुसऱ्यानं काम दिलं, हे विसरून चालणार नाही.

सुधाकरानंही एकदा दारू सोडली होती, हे आपण विसरून जातो. सोडून तो कामधंदा मागायला जुन्या ओळखीपाळखीच्या माणसांकडे गेला आणि तिथून अपमान घेऊन परत आला. त्यानंतरचा प्याला त्याला पहिल्यापेक्षा सोपा गेला. गडकऱ्यांना समुपदेशनाचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण घसरण कुठून सुरू होते ते बरोबर दिसलं होतं.

आमच्या कारखान्यांत व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या माणसाला बहुधा प्रेसवर किंवा क्रेनवर लगेच उभं करत नाहीत. यात गैर काही नाही. हात कापत असतील तर बोटं जातात. त्याला स्टोअरमध्ये बसवतात, नट-बोल्ट मोजायला. हे काम दोन तऱ्हांनी सांगता येतं. सगळ्या लाइनसमोर "याला मशीनजवळ फिरकू देऊ नका रे" असं म्हणता येतं. किंवा बाजूला घेऊन, "दादा, तीन महिने स्टोअर सांभाळा, तुमची मशीन दुसऱ्या कुणाला कायमची देत नाही," असंही. सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात सुरक्षेचे बूट, हेल्मेट आणि आग विझवायची नळकांडी यांवर भरपूर बोलतात. या दुसऱ्या वाक्याची तालीमही घेता येईल. त्याला अर्धा तास पुरे.