नको रे बाबा डिटेक्टिव्ह

डिटेक्टिव्ह दोन प्रकारचे असतात. पहिल्याला केस मिळाली नाही की करमत नाही. दुसऱ्याला केस मिळाली की त्याची भूक मरते. आपण बुवा दुसऱ्या पार्टीतले! म्हणजे ज्याला खरं तर रविवारी दुपारी जेवून आडवं व्हायचंय, बाइकचा हप्ता भरायचाय, पण नेमकं त्याच्याच दारात काहीतरी विचित्र घडतं आणि सगळे त्याच्याचकडे बघायला लागतात. असला हीरो भेटला की बोईसर ते अंधेरी हा प्रवास कधी संपतो कळत नाही. 2013 मध्ये डहाणू लोकल सुरू झाली, तेव्हापासून माझं बहुतेक वाचन याच गाडीत झालंय. विंडो सीट मिळाली तर माझं पुस्तक, नाही मिळाली तर शेजारच्याचं.

मराठीत मात्र हा गडी शोधायला जावं तर पंचाईत. रहस्यकथांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. एकट्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त लिहिल्या. त्यांच्या आडनावातला अर्नाळा आमच्याच पालघर जिल्ह्यात येतो, त्यामुळे मला ते उगाचच घरचे वाटतात. पण त्यांचा झुंजार बघा, काळापहाड बघा. सगळे कायम फुल फॉर्मात! संकट दिसलं की बाह्या सरसावून तयार. ‘मला नको, दुसऱ्या कुणाला तरी सांगा,’ असं म्हणणारा त्यात कुठून असणार? वाचताना सॉलिड मजा येते. पण सोमवारी सकाळी डबा घेऊन निघालेल्या माणसाला झुंजार काही आपल्यातला वाटत नाही.

त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश, पुण्याच्या विद्याभवनातला विद्यार्थी. हाडकुळा, सायकलवर स्वार, तोंडात ते ‘ट्टॉक्’. तो संकट शोधायला निघत नाही, संकटच त्याच्या सायकलच्या चाकात येऊन अडकतं. 1987 मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो केला, 2017 च्या सिनेमात अमेय वाघने. दोन्ही वेळा लोकांनी लाड केले. पण पुस्तकातल्या फेणेला एक सवलत आहे. त्याला नोकरी नाही. कुणाच्या वाटेला गेला तर फार तर मास्तर ओरडतील. पगार कोण थांबवणार?

आणि इंग्रजीतले नाखूष डिटेक्टिव्ह? त्यातले बरेचसे नुसते गोड. कुणाची बेकरी, कुणाची मांजर, कुणाचं पुस्तकांचं दुकान. पहिली चाळीस पानं ‘मी नाही हं या भानगडीत पडणार’ आणि एक्केचाळिसाव्या पानावर भिंग हातात. ही नाराजी म्हणजे लग्नात उखाणा घ्यायला ‘नको नको’ म्हणण्यासारखी. खरी नव्हेच ती.

खरी नाराजी मला एका जपानी कादंबरीत सापडली. केइगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. जपानमध्ये 2005 मध्ये आली, आपल्याकडे 2023 मध्ये ‘जाने जान’ हा हिंदी सिनेमा तिच्यावरून निघाला. त्यातला युकावा हा फिजिक्सचा प्राध्यापक. पोलिसातला मित्र अधूनमधून त्याचं डोकं उसनं घेतो. पण या वेळी संशयाच्या जवळपास उभा आहे त्याचा कॉलेजातला जुना दोस्त, गणितात त्याच्या तोडीचा. कोडं सोडवायचं म्हणजे मित्राला संपवायचं. शेवट सांगत नाही. पण त्या प्राध्यापकाचं ‘नको’ वाचताना मला आमची दांडी आठवली.

दांडी माझं गाव. समोर समुद्र, कडेला खाडी, जवळच 1969 पासून वीज देणारं तारापूरचं अणुवीज केंद्र, आणि बोईसरकडे आलात की एमआयडीसीचे शेकडो कारखाने. निम्म्या घरांत जाळं, निम्म्या घरांत कंपनीचं ओळखपत्र. बऱ्याच घरांत दोन्ही एकाच खुंटीला.

रहस्यकादंबरीला पहिल्या पानावर प्रेत लागतं ना? आमच्याकडे खाडीत मासे मरून वर येतात. कधी पाण्याचा रंग वेगळा, कधी फेस, कधी असा वास की निवट्यासुद्धा चिखलातून बाहेर येईनात. तर गेली दोन वर्षं मी याच गाडीत मोबाइलवर एक कादंबरी टाइप करतोय. हीरो एकोणतीस वर्षांचा, एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. नाव अजून ठरत नाही, फाइलमध्ये तो नुसता ‘केमिस्ट’. एका सकाळी खाडीकाठी जातो, वास घेतो आणि त्याला कळतं. वासावरून सॉल्व्हंट ओळखणं हेच तर त्याचं रोजचं काम. बाकी गाव विचारतंय, ‘कुणी केलं?’ आणि हा गप्प. कारण उत्तर त्याच्या नाकात आहे आणि पगारही तिथूनच येतो.

आता तुम्ही म्हणाल, बाटली भरायची, लॅबमध्ये द्यायची, संपलं! नाही ना, बॉस. इथे 1974 चा पाणी प्रदूषणाचा कायदा आडवा येतो. कोर्टात पुरावा म्हणून चालणारा नमुना मंडळाच्या माणसानेच घ्यावा लागतो. त्याच जागी समोरच्याला नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, सह्या घ्यायच्या. माझ्या केमिस्टने रात्री दीड वाजता पाण्याच्या बाटलीत भरून आणलेला नमुना म्हणजे कायद्याच्या लेखी नुसतं घाण पाणी. शेरलॉकला हा त्रास कधी झाला नाही! आणि अधिकारी बोलवावा तर तो येईस्तोवर ओहोटी लागलेली असते. खाडी दिवसातून दोनदा स्वतःची जागा पुसून ठेवते. इतका व्यवस्थित गुन्हेगार कुठल्या लेखकाला सुचणार होता?

खऱ्या आयुष्यात हा तपास लोकांनी केलाय, तोही पुस्तकी डिटेक्टिव्हच्या डबल चिकाटीने. 2016 मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. मासेमारी करणाऱ्या समाजाच्या संघटनेला नकाशे, प्रयोगशाळांचे अहवाल, सांडपाण्याचे आकडे हे सगळं शिकावं लागलं. सामायिक प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज अडीच कोटी लिटर आणि येणारं पाणी त्याहून जास्त, ही गोष्ट त्यातूनच ठळकपणे पुढे आली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने प्रक्रिया केंद्रावर आणि शंभराहून अधिक कारखान्यांवर पर्यावरण भरपाई लावली. हौस म्हणून कुणी यात पडलं नव्हतं. बोंबील मिळाले असते तर ते बोंबील सुकवत बसले असते.

माझ्या आत्याने आयुष्यभर मासे विकले. तिला मी प्लॉट सांगितला. एरवी सासू-सुनेच्या सीरियलमध्येही ती दुसऱ्या एपिसोडला खुनी ओळखते. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “ते समदं ठीक. त्याच्या नोकरीचं काय?”

“आत्या, तो हीरो आहे गं!”

“असू दे की. घरी कोण कोण आहे त्याच्या?”

झालं! दोन महिने मी तिथेच अटकलो. घरी आई आहे, धाकटी बहीण डिप्लोमाला आहे, मोठा भाऊ त्याच एमआयडीसीत दुसऱ्या कंपनीत ठेकेदारीवर. म्हणजे केमिस्टने तोंड उघडलं तर दोन पगार जातील, नाही उघडलं तर आत्याची टोपली. झुंजारच्या लेखकाला हा हिशेब करावा लागला नव्हता. मला मात्र प्रत्येक प्रकरणात करावा लागतोय, आणि गंमत म्हणजे पानं त्यामुळेच पुढे सरकतायत. आधी तो मला नुसता चांगला मुलगा वाटायचा, आता त्याची भीती वाटते. हा काय करेल मलाच सांगता येत नाही.

सध्या एकवीस प्रकरणं झालीत. बाटली त्याच्या लॉकरमध्ये आहे, डब्याच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. त्याची फर्स्ट शिफ्ट आहे. आणि भावाने आत्ताच विचारलंय, “लॉकरला कुलूप कधीपासून लावायला लागलास तू?”