कड सांभाळा!

माणूस निवृत्त झाला की त्याचा भाव उतरतो. वस्तू निवृत्त झाली की तिचा चढतो. कालपर्यंत माळ्यावर उंदरांच्या सोबतीनं पडलेली अडगळ आज ‘अँटिक’ म्हणून दिवाणखान्यात मिरवते. आमच्या तात्यांची पेट्रोमॅक्सची बत्ती अशीच एकाएकी मोठ्या पदाला चढली.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मुक्काम कडा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. गावात वीज रुळण्याआधी आसपासची कितीतरी लग्नं या बत्तीच्या उजेडात लागली. पेट्रोमॅक्समधला ‘मॅक्स’ हा बर्लिनचा मॅक्स ग्रेट्झ. आपलं नाव कड्याच्या वरातीत लोकांच्या डोक्यावरून मिरवलं, हे त्या बिचाऱ्याला काही कळलं नसणार. बत्तीची पितळी टाकी शाबूत होती. वरची टोपी मात्र कुठल्याशा वरातीतून परतलीच नव्हती.

आमच्या चिरंजीवांना ही बत्ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये शोभेला हवी होती. तात्यांना ती पेटलेली पाहायची होती. “एका डोळ्याचं तर संपलंच. दुसरा जायच्या आत एकदा पेटवून दाव,” म्हणाले. शोभा असो की उजेड, टोपी हवीच!

नगरच्या एका कारखानदारानं विचारलं, “किती हजार नग?” मी म्हटलं, “एक.” त्यानं मला चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्याचंही बरोबर होतं. पत्रा प्रेसमध्ये दाबायचा तर आधी पोलादी डाय करावा लागतो, आणि तो परवडायला हजारांनी टोप्या काढाव्या लागतात. एवढी डोकी आमच्या घराण्यात नाहीत.

मग पुण्याला कसबा पेठेतली तांबट आळी गाठली. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं टोपीचं चित्र पाहिलं आणि म्हणाला, “हे ठोक्याचं काम नव्हे, स्पिनिंगचं.” पत्ताही त्यानंच दिला.

तिथले मिस्त्री देवळांचे कळस करायचे. त्यांनी आधी शिसवी लाकडाचा टोपीच्या आकाराचा साचा लेथवर कातला. त्याला पितळेची गोल चकती टेकवली, मागून टेकू घट्ट केला आणि लेथ सुरू केलं. गुळगुळीत टोकाची लांब दांडी काखेत धरून, चकतीला ग्रीस लावून, ते अंगाच्या भारानं पत्रा साच्यावर निजवू लागले. एका दमात नाही. थोडं पुढं, थोडं मागं, हट्टी पोराला जेवू घालावं तसं.

“घाई केली की पहिली कड जाते,” मिस्त्री म्हणाले. “निऱ्या पडतात, नाहीतर फाटते.” मी म्हटलं, “आमचं गावच कडा. सगळं आमच्यावरच येतं!”

अर्ध्यावर पितळ अडून बसलं. दाबून दाबून पत्रा कडक होतो म्हणे. मिस्त्रींनी तो मंद लाल होईतो तापवला, गार केला, आणि तो पुन्हा शहाण्यासारखा वागू लागला. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की ताठर होतं. पितळ तापवल्यानं मऊ पडतं. प्रत्येक घरात दोन्ही धातूंची माणसं असतात. कोणतं कोण हे लग्नानंतर कळतं.

“टाकीही नवी करता?” मी विचारलं. मिस्त्रींनी सरळ हात जोडले. टाकीत हवेचा दाब असतो. ती फुटली तर वरातीची अंत्ययात्रा. टोपी म्हणाल तेवढ्या!

भोकं पाडून टोपी तयार झाली आणि अंगणात दुसरा सूर्य यावा तशी चमकू लागली. चिरंजीव नाराज. “काहीतरी लावून काळी करा ना, जुनी वाटू दे.” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “आकार मी देतो साहेब. वय माझ्याकडं मिळत नाही.”

टोपी नगरहून रेल्वेनं कड्याला गेली. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी गाडी सुरू झाली आणि कड्यालाही स्टेशन आलं. घासलेट मिळवायला मात्र टोपीपेक्षा जास्त वणवण झाली. संध्याकाळी तात्यांनी स्वतः पंप मारला. बत्ती फुरफुरली, मेंटल पांढरंशुभ्र झालं, आणि शेजारपाजारची पोरं मोबाइल सोडून जमली.

तात्यांनी चांगला डोळा बारीक करून टोपीकडं बराच वेळ पाहिलं.

“नवीन हाय,” ते म्हणाले. “पर हुईल. चार लग्नं काढू दे तिला.”