चार इंच उंची

मोटारगाडी विकत घेतल्यावर ती उंचही करून घ्यायची असते, ही गोष्ट माझ्यासारख्या मास्तराच्या कानावर जरा उशिराच आली. घरावर माडी चढवतात, जुन्या परकराला खाली पट्टी लावून तो मुलीबरोबर वाढवतात, हे मला ठाऊक होते. पण कारखान्यातून धडधाकट निघालेली गाडी घ्यायची, तिच्या पोटाखाली आणखी चार इंच हवा खेळवायची आणि त्या हवेसाठी एका बैलजोडीची किंमत मोजायची, ही हौस नवी. हल्ली ती आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरकपारीपर्यंत येऊन पोचली आहे.

माझा या विषयाशी संबंध आला तो पुतण्यामुळे. त्याला माझा सल्ला नको होता, पैसे हवे होते. मी कादंबऱ्या लिहितो, शाळेत मुलांना शिकवतो आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले आहे. यंत्रविद्येशी माझी ओळख सायकलच्या पंक्चरपुरती. तेव्हा सल्ला त्याने मागितला नाही, हे योग्यच होते. पण मास्तराकडून पैसे घ्यायचे म्हणजे चार प्रश्नांची उत्तरे देणे आले, आणि त्या प्रश्नांपायी आम्ही दोघेही बरेच शिकलो.

त्याची गाडी म्हणजे इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस. २०१६ साली ही गाडी आपल्याकडे आली. पुढे पाचजणांच्या बैठकीची केबिन, मागे उघडा हौदा आणि वेळप्रसंगी चारही चाकांना ओढ. पुतण्याने ती जुनी, एकाच्या हातची घेतली. तो राहतो भुदरगड तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी खांद्यावरच्या एका वाडीत. डांबरी सडक संपल्यावर तीन किलोमीटर जी वाट आहे, तिला वाट म्हणण्यात आपण तिचा थोडा मान राखतो. खाली कातळ, वर तांबडी माती आणि त्यावर सह्याद्रीचा पाऊस. वाडीचे दूध, भाजी, बाजारहाट, कधी आजारी माणूस, सारे याच गाडीतून खाली येते.

त्याने माझ्यापुढे चित्रांचे एक पुस्तक ठेवले. त्यात गाडी उचलण्याचे साहित्य मांडले होते, दोन इंचांचे आणि चार इंचांचे. पुतण्याचे बोट चार इंचांवर होते.

“काका, इथं पोट घासतंय. उचलली की प्रश्न मिटला.”

मला त्या क्षणी आठवण झाली ती बैलगाडीची. बैलगाडीला कमान नाही, गादी नाही. बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. पण तिचे चाक माणसाच्या छातीला लागते, आणि त्यामुळे तिचा आस जमिनीपासून इतका वर असतो की, वाटेतला धोंडा खालून निमूट जातो. टांग्याचे उलट. त्याला पोलादी कमानी. १८०४ साली ओबडाया इलियट या इंग्रज कारागिराने घोडागाड्यांसाठी अशा कमानींचे एकस्व घेतले, तिथपासून सुखवस्तू माणसाची पाठ बरीच सुखी झाली. पण कमान काम करते ती आसाच्या वर. आस आपल्या जागीच राहतो. तो वर न्यायचा तर चाकच मोठे करावे लागते.

हेच पुतण्याच्या गाडीला लागू आहे, हे मला कळले ते पाटेवाल्या मिस्त्रींच्या दुकानात. ट्रकचे, ट्रॉलीचे कमानपाटे दुरुस्त करण्यात मिस्त्रींचे आयुष्य गेले आहे. पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या एकीखाली एक रचून, मधोमध बोल्टने आवळून जी कमान होते, तिला गॅरेजात सगळे पाटे म्हणतात. मिस्त्रींनी पुस्तकाकडे पाहिलेही नाही. बॅटरी घेऊन ते गाडीखाली सरकले आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, “मास्तर, वाकून बघा. मार कुठं बसलाय ते आधी बघायचं.”

मी वाकून पाहिले. मागच्या आसाच्या मधोमध दातेरी चक्रांचा जो गोळा असतो, त्याच्या बुडाला ओरखडे होते. आसाला पाट्यांशी जखडणाऱ्या यू-बोल्टची टोके खाली लोंबत होती, तीही घासून चकचकीत झाली होती. गाडीच्या चौकटीला, जिला हे लोक चासी म्हणतात, एकही ओरखडा नव्हता.

“पाट्यानं उचलली तर चासी वर जाईल,” मिस्त्री अंग झाडत म्हणाले, “गोळा हाय तिथंच ऱ्हाणार. टायर दोन इंचानं थोर घातला तर गोळा एक इंच वर. झालं.”

पुतण्याचा चेहरा उतरला. टायर मोठा घ्यायचा तर तो वळताना पुढच्या मडगार्डला घासतो, वेग दाखवणारा काटा खोटे बोलू लागतो आणि चढावर इंजिनाला जास्त जोर पडतो. या पुस्तकात आणखी एक प्रकार होता. त्यात केबिन आणि चासी यांच्यामध्ये ठोकळे घालून नुसती केबिनच वर घेतात. पाहुण्याला पाटावर बसवल्याने घराचे जोते उंच होत नाही, एवढे तर मलाही समजते.

पण पाट्यांचा विषय तेवढ्याने संपला नाही. कारण मिस्त्रींनी फूटपट्टी घेऊन मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले आणि ते कारखान्याच्या मूळ मापाशी ताडून पाहिले. गाडी मागून दीड इंच बसली होती. पहिल्या मालकाने तिला काय काय वाहायला लावले, देव जाणे. म्हणजे पुतण्या ज्या चार इंचांचा हिशेब करीत होता, त्यांतले दीड इंच तर हरवलेलेच होते.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पुस्तकात कुठेच नव्हता. “मागं रोज वजन किती पडतंय?”

रोज सकाळी सहा कॅन दूध. चाळीस लिटरचा कॅन धातूच्या वजनासकट पन्नास किलोच्या घरात जातो. सहांचे झाले तीनशे. इथे मात्र माझे मॅट्रिकचे शास्त्र जागे झाले. स्प्रिंग जितकी दाबावी त्या प्रमाणात ती उलट जोर करते, हा रॉबर्ट हूकचा नियम. हूक मोठा हिशेबी माणूस. १६७६ साली त्याने हा नियम चौदा अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली कोडे उलगडून दाखवले. तोवर दुसऱ्याने शोध आपला म्हणू नये, एवढीच काळजी. मी दुकानातच पाटी मागितली. समजा, मागच्या दोन्ही बाजूंचे पाटे मिळून एक सेंटिमीटर दबायला साठ किलो लागतात. मग तीनशे किलोला ते पाच सेंटिमीटर दबतील. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच. पुस्तकातली दोन इंच उंची विकत घ्यावी आणि ती सकाळी सहा कॅन दुधाने पिऊन टाकावी!

“बरं, मग जाड पाटे घालू,” पुतण्या म्हणाला.

“घाल की. रिकामी येताना टणाटण उड्या मारंल. म्हातारंकोतारं मागं बसलं तर शिव्या देतील.”

उंची ही पाट्यांची एकट्याची नसते, पाटे आणि ओझे या दोघांची मिळून असते. म्हणून पाटे निवडताना गाडी रोज काय वाहते, हे आधी ठरवावे लागते. जो वर्षातून एकदा शंभर मण वाहतो त्याने त्या एका दिवसासाठी पाटे घेऊ नयेत, असे मिस्त्रींचे मत, आणि मला ते पटले.

स्वस्तात उचलण्याच्या युक्त्याही त्यांनी दाखवल्या, आणि त्या दाखवताना त्यांचा चेहरा कडू औषध पाजणाऱ्या वैद्यासारखा होता. आस आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालायचा, ही सर्वांत सोपी. पण चाक जोर करते तेव्हा तो ठोकळा तरफेसारखा पाट्यांना पीळ घालतो. मागे एक ठोकळा चालून जातो. ठोकळ्यावर ठोकळा चढवणे किंवा पुढच्या आसाखाली तो घालणे म्हणजे जिवाशी खेळ. दुसरी युक्ती लांब शॅकलची. पाट्यांचे मागचे टोक ज्या दोन पट्ट्यांनी चासीला लटकते, त्या पट्ट्या लांब करायच्या. त्या दोन इंचांनी वाढवल्या तर गाडी एकच इंच उठते, कारण पुढचे टोक जागचे हलत नाही. वर आस कलतो आणि इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे सांधे वाकडे फिरू लागतात. मग गाडी चालताना खालून जी थरथर येते, तिचे कारण महिनोन्‌महिने सापडत नाही.

पुढची बाजू अधिक नाजूक. तिथे पाटे नाहीत, गुंडाळीची स्प्रिंग आहे, आणि दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. गुंडाळीच्या माथ्यावर इंचभर जाडीची चकती बसवली तर गाडी जवळजवळ दोन इंच उठते. एवढे स्वस्त पुण्य कुठेच मिळत नाही. पण चाक खाली लोंबल्यामुळे त्याला फिरवणाऱ्या दांड्याचा कोन वाढतो, सांध्यावरची रबरी पिशवी फाटते, आत माती जाते आणि सांधा जातो. शिवाय चाकाचा वरचा आधार जो किंचित मागे कललेला असतो, त्याचा कल बिघडतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून पोरे हात सोडून सायकल चालवू शकतात. गाडीचे चक्र वळणानंतर आपोआप सरळ होते ते याच कलामुळे. तो कल परत आणायचा तर वरची भुजा नवी घ्या. ब्रेकची रबरी नळी तोकडी पडली, ती लांब घ्या. शॉकअपही लांब घ्या, नाहीतर खड्ड्यात चाक लोंबकळते ते शॉकअपच्या दांडीला धरून, आणि ती दांडी त्यासाठी केलेली नसते. पोरगा वाढला की, नुसता सदरा शिवून भागत नाही.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती पुतण्याने मला त्याच दिवशी परतीच्या वाटेवर सांगितली. गेल्या श्रावणात वाडीतल्या एका म्हातारीला रात्री फुरसे चावले. तिला हौद्यात निजवून तो निघाला, आणि ओढ्याच्या अलीकडे जिथे वाटेचा मधला उंचवटा आहे, तिथे गाडी पोटावर बसली. चाके नुसती फिरत राहिली. बरोबरच्या माणसांनी पावसात धोंडे आणून चाकांखाली भरले. त्यात अर्धा तास गेला. ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर लस मिळाली, म्हातारी वाचली. पण त्या अर्ध्या तासात पुतण्याने मनाशी चार इंच ठरवून टाकले होते. पुस्तकातले चित्र त्याने नंतर पाहिले.

हे ऐकल्यावर हौस हा शब्द मला जपून वापरावासा वाटला. तरीही एक प्रश्न उरत होता. त्याच वाटेवर उंचवट्याच्या पुढे एक वळण आहे. वाट दरीकडे कललेली, आणि हौद्यातली माणसे तिथे न सांगता डोंगराच्या बाजूला सरकतात. घरी आल्यावर मी त्याला पाटीवर त्रिकोण काढून दाखवला. दोन चाकांमधल्या अंतराचे अर्धे सुमारे ७८ सेंटिमीटर. समजा, गाडीचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर आहे. तर ती कलंडायला ४८ अंशांचा उतार लागेल. चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर, वर नेला की ४४ अंश. चार अंश म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण स्प्रिंगा एका बाजूला दबतात, दरीकडचे चाक खड्ड्यात जाते, डोंगराकडचे धोंड्यावर चढते आणि हौद्यात माणसे उभी असतात. तिथे अंशाअंशाला किंमत असते. पोट वाचवायचे की तोल, असा हा पेच. पुतण्या बराच वेळ त्या त्रिकोणाकडे पाहत बसला.

कायदाही त्याच्या बाजूने नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयीच आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला एवढे निमित्त पुरेल.

मग काय केले? मागे नवे पाटे घातले, रोजच्या तीनशे किलोंच्या हिशेबाचे. चारही शॉकअप नवे, मूळ लांबीचे. पुढच्या स्प्रिंगा मोजल्या तर बऱ्या निघाल्या, त्या तशाच ठेवल्या. टायर त्याच मापाचे, फक्त नक्षी खोल. यू-बोल्ट एकदा सोडले की, पुन्हा वापरू नयेत, ते ताणलेले असतात, असे सांगून मिस्त्रींनी नवे घेतले आणि त्यांची खालची फालतू टोके कापून टाकली. गोळ्याच्या बुडाला एक जाड पत्रा बसवला. रिकामी गाडी मूळ मापाला आली, फार तर करंगळीभर वर. पूर्वी दूध भरले की, पाट्यांची कमान उलटी व्हायची. आता ती सपाट होऊन थांबते. खर्च पुस्तकातल्या चार इंचांच्या तिसऱ्या हिश्शातही बसला.

आणि उंचवटा? तो मुळात उंच झालेलाच नव्हता. दर पावसाळ्यात चाकांनी दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल खोदल्या, म्हणून मधला भाग वर राहिला. वाडीच्या माणसांनी दोन रविवार खपून त्या चाकोऱ्यांत दगड बसवले, वर मुरूम ठोकला, पाणी जायला डोंगराच्या बाजूने पाट काढला. चाकोरी एक वीत वर आली, तसा गोळाही एक वीत वर आला. वळणावर दरीच्या कडेला धोंड्यांची एक रांगही त्यांनी रचली.

पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला मिस्त्रींनी बजावले होते. पुतण्याने ते काम आमच्या शाळेच्या पटांगणात, मधल्या सुटीत केले. मोठा पाना, लांब दांडी. सातवीच्या मुलांनी नंबर लावून एकेक नट आवळला आणि शेवटचा नट कोणी आवळायचा यावरून दोघांचे भांडण झाले, ते सोडवायला मला जावे लागले.