सायलेन्सरचा तुटलेला स्टड
पहाटे कोबी घेऊन शाहू मार्केट यार्डला जायचं होतं, आणि आदल्या सांजंला सायलेन्सरवरच्या सेन्सरचा स्टड मीच तोडला. पिकअप जुनी, आटे गंजलेले. पान्याला पाईप लावून जोर दिला, कट्ट!

सकाळी उचगावातनं उद्यमनगर गाठलं. मी म्हटलं ड्रिल मारा. मिस्त्री म्हणाला, "थांबा मालक, दोन सूत तुकडा वर हाय." आधी बॅटरीची मायनसची वायर काढली, सेन्सरचं सॉकेट सोडलं, वेल्डिंगच्या करंटनं ईसीएम जाऊ शकतो. मग तुकड्यावर नट ठेवून आतनं वेल्ड मारलं. लाली उतरल्यावर पान्यानं मागं-पुढं हलवत अलगद काढला. आट्यांत टॅप फिरवला, नव्या स्टडला कॉपर ग्रीस लावलं.

कोबी यार्डात पोचला दुपारी. सौदे कवाच उरकले होते.