डाउनलोड सगळे मोजतात, अपलोडचं काय?

मंडळी, आज जेट्टी नाही, रस्ता नाही. आज सिनेमा. पण विषय सार्वजनिकच आहे, जरा वाचा.

माझा मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. मनोरीच्या घरात त्याने जमवलेल्या चारेकशे सीडी-डीव्हीडी आहेत, बहुतेक मराठी. २००७ च्या आसपास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा हा मालाडहून पिशव्या भरून आणायचा आणि मावशीच्या शिव्या खायचा. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. त्यातले कितीतरी सिनेमे आज कुठल्याच ॲपवर सापडत नाहीत. जे सापडतात त्यातले काही तिकडे उघडत नाहीत, कारण हक्क देशागणिक विकले जातात. इकडे खाऱ्या दमट हवेत डिस्कवर बुरशी चढतेय ती वेगळीच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागून जुन्या नायट्रेट फिल्म्स जळाल्या, त्यात प्रभातचा ठेवाही गेला. सरकारी गोदामाची ही गत, तर घरातल्या कपाटाचं काय!

गणपतीत आला तेव्हा त्याने सगळं हार्ड डिस्कवर उतरवलं. दोन टेराबाइटच्या आत मावलं. जुना कॉम्प्युटर, त्यावर जेलीफिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर. घरच्या टीव्हीवर झकास चाललं. (कायद्याचं विचाराल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापराला जागा ठेवतं. गावभर पासवर्ड वाटला तर ती जागा उरत नाही.)

तिकडे पोचल्यावर त्याचा फोन. "दादा, काही उघडतच नाही."

मी कंपनीला फोन लावला. उत्तर आलं, "सर, तुमचा डाउनलोड स्पीड बरोबर येतोय." तीनदा तेच.

खरी भानगड दोन ठिकाणी होती. पहिली पत्त्याची. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात एकूण सुमारे ४३० कोटीच आहेत, म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. बाहेर जाणाऱ्याला अडचण नाही. पण बाहेरून येणाऱ्याला चाळीचं नाव कळतं, खोली नंबर कळत नाही. स्वतंत्र पत्ता हवा तर दरमहा जादा पैसे. शेवटी टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाकलं. त्यात घरचा कॉम्प्युटरच आधी बाहेर हाक मारतो, त्यामुळे दार उघडलं.

मग दुसरी भानगड. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. अडीच तासांचा सिनेमा धरला तर सेकंदाला सव्वाचार मेगाबिट घरातून बाहेर गेले पाहिजेत. प्लॅन ५० चा, पण अपलोड मोजला तर कधी ५, कधी २. म्हणजे ब्रॅम्प्टनमध्ये नायिका रडायला लागली की तिथेच थांबते. सिनेमे दाबून लहान केले, तेव्हा कुठे चालू लागले. आणि पावसात वीज गेली की कॉम्प्युटर बंद. तिकडची रात्र म्हणजे इकडची सकाळ, मावशी पूजा सोडून बटण दाबायला उठणार. ते आता वीज आली की आपोआप चालू होईल असं सेटिंग करून मिटवलं.

आता मुद्दा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. किमान डाउनलोड ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. अपलोडबद्दल त्यात एक आकडा नाही. अमेरिकेच्या नियामकाने २०२४ मध्ये ठरवलं: डाउनलोड १००, अपलोड २०. त्यांचा आकडा आपल्याला परवडेल की नाही यावर वाद घाला, पण निदान दोन आकडे तर हवेत! आपल्याकडे ग्राहक म्हणजे फक्त बघणारा असंच धरलंय. बोटीवरून घरचा सीसीटीव्ही बघणारा खलाशी, लग्नाचा व्हिडिओ पाठवणारा फोटोग्राफर, घरातून शिकवणी घेणारी बाई, हे सगळे मनोरीतून बाहेर पाठवतात.

नवीन कनेक्शन घेताना दोनच प्रश्न विचारा: अपलोड किती, आणि पत्ता स्वतंत्र की सामायिक. उत्तर लेखी मागा. मनोरी, गोराई, उत्तनवाल्यांनी आपापला अपलोड मोजून मला कळवा, कंपनी आणि प्लॅनसकट. मी यादी करतोय. तीसेक नावं झाली की दूरसंचार नियामकाकडे एकत्र अर्ज टाकू.